शेततळ्याचा सांडवा : आखणी, बांधणी व देखरेख

महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात शेततळे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. २०१६ साली राज्य शासनाने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू केल्यानंतर तर गावोगावी शेततळी झाली. खोदाईची मापे, साठ्याचा हिशेब आणि त्या साठ्यावर भिजणारे क्षेत्र यांची माहिती बहुतेक शेतकऱ्यांस असते. परंतु तळे भरल्यानंतर वर येणारे पाणी किती असेल, ते कोठून बाहेर पडेल व पुढे कोठे जाईल, याचा विचार पुष्कळदा तळे पुरे झाल्यावर केला जातो. आणि काही ठिकाणी तर ते फुटल्यावरच केला जातो. भरलेल्या तळ्यातील जादा पाणी सुरक्षितपणे बाहेर काढणारी वाट म्हणजे सांडवा. तळ्याच्या खर्चात त्याचा वाटा लहान असतो, पण तळ्याचे आयुष्य त्याच्यावरच अवलंबून असते.

या बाबतीत एक समजूत सर्वत्र आढळते. ती अशी की, तळे लहान असल्यास सांडवाही लहान चालेल. ही समजूत चुकीची आहे. तळ्याचे माप शेतकऱ्याच्या गरजेवरून ठरते. सांडव्याचे माप मात्र तळ्यात ज्या क्षेत्राचे पाणी उतरते त्या पाणलोट क्षेत्रावरून ठरते. किंबहुना मोठ्या पाणलोटाखालचे लहान तळे हेच अधिक धोक्याचे असते, कारण ते लवकर भरते आणि त्यानंतरचा सर्व लोंढा सांडव्यावरच येतो.

बांध का फुटतो

नीट दाबून घातलेला मातीचा बांध पाण्याचा दाब वर्षानुवर्षे सहन करतो. त्याला सहन होत नाही ते माथ्यावरून वाहणारे पाणी. माथ्यावर एखादी जागा चार बोटे जरी खोल असली तरी पाणी प्रथम तेथून जाते. खालच्या उतारावर त्याचा वेग वाढतो, माती सुटू लागते, घळ पडते, आणि घळ खोल झाली की तळ्यातील सर्व पाणी त्याच वाटेने धावते. मग पाऊस थांबला तरी फूट थांबत नाही.

मोठ्या धरणांनाही हाच नियम लागू आहे. गुजरातेत मोरबीजवळ मच्छू नदीवर बांधलेले दुसरे धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी फुटले. त्या दिवशी आलेला पूर सांडव्याच्या क्षमतेहून कितीतरी अधिक होता. पाणी मातीच्या बांधांवरून गेले, बांध वाहून गेले आणि मोरबी शहरात फार मोठी प्राणहानी झाली. शेततळ्याची तुलना अशा धरणाशी होऊ शकत नाही हे खरे. तथापि तळ्याच्या खालच्या अंगास शेजाऱ्याचे उभे पीक, विहीर, गोठा किंवा वस्ती असते. दोन हजार घनमीटर पाणी एकदम सुटले, तर त्या शेतातील माती आणि गोठ्यातील जनावर वाहून जाण्यास ते पुरेसे आहे.

किती पाणी येईल

सांडव्यावर येणाऱ्या लोंढ्याचा अंदाज तीन गोष्टींवरून करतात : पाणलोटाचे क्षेत्र, जोराच्या सरीची तीव्रता, आणि पडलेल्या पावसापैकी वाहून येणारा भाग, म्हणजेच अपधावेचा गुणांक. एक हेक्टरावर ताशी एक मिलिमीटर पाऊस पडला तर तासाला दहा घनमीटर पाणी होते. म्हणजे सेकंदाला एक घनमीटराचा ३६० वा भाग. यावरून पुढील सूत्र निघते :

लोंढा (घनमीटर दर सेकंदास) = गुणांक × तीव्रता (मिलिमीटर दर तासास) × क्षेत्र (हेक्टर) ÷ ३६०

शंभर मीटरास पाच मीटरांपर्यंत उतार असलेल्या जमिनीसाठी गुणांक सामान्यतः पुढीलप्रमाणे धरतात :

पिकाखालील हलकी, रेताड जमीन — ०.३०
पिकाखालील मध्यम पोयट्याची जमीन — ०.५०
पिकाखालील भारी काळी जमीन — ०.६०
गवताखालील भारी जमीन — ०.४०

उतार यापेक्षा अधिक असल्यास गुणांकही वाढतो. पिकाखालील भारी जमिनीवर शंभरास पाच ते दहा उतार असल्यास तो ०.७० धरावा.

तीव्रतेच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. येथे वर्षभराच्या पावसाचा आकडा उपयोगी नाही, किंवा दिवसभराचाही नाही. पाणलोटाच्या सर्वांत दूरच्या टोकाचे पाणी तळ्यापर्यंत पोहोचण्यास जितका वेळ लागतो, तितक्या वेळातील सरीचा जोर हिशेबात घ्यावा लागतो. लहान पाणलोटात हा वेळ जेमतेम दहा ते पंधरा मिनिटांचा असतो. सोलापूर किंवा अहिल्यानगर जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण भागात वर्षाचा पाऊस कोकणाच्या मानाने अगदी थोडा; म्हणून तेथील शेतकऱ्यास सांडव्याची गरज कमी वाटते. परंतु मेघगर्जनेसह येणारी दहा मिनिटांची सर तेथेही तितक्याच जोराने कोसळू शकते. शिवाय तेथील पुष्कळसा पाऊस सप्टेंबरात येतो. हस्त नक्षत्राचा, म्हणजे लोक ज्याला हत्तीचा पाऊस म्हणतात तो, पडू लागतो तेव्हा तळे बहुधा काठोकाठ भरलेले असते, जमीन भिजून तृप्त झालेली असते आणि पडलेल्या पावसाचा मोठा भाग वाहून येतो. सांडव्याची खरी परीक्षा जूनमध्ये होत नाही, ती या दिवसांत होते.

लहान शेततळ्यासाठी निदान दहा वर्षांतून एकदा अपेक्षित असलेली सर धरावी. तळ्याखाली वस्ती किंवा रस्ता असल्यास पंचवीस वर्षांतून एकदा येणारी सर धरणे इष्ट होय. आपल्या भागाचे आकडे तालुका कृषी कार्यालयात अथवा कृषी विद्यापीठाच्या मृद व जलसंधारण विभागात विचारून घ्यावेत.

एक उदाहरण

समजा, एका तळ्याचा पाण्याचा पसारा ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद, म्हणजे सुमारे नऊ गुंठे आहे आणि साठा सुमारे २,२०० घनमीटर आहे. त्याच्या वरच्या अंगास आठ हेक्टर, म्हणजे वीस एकर, पिकाखालील काळी जमीन असून तिचा उतार शंभरास दोन आहे. दूरचे टोक चारशे मीटरांवर आहे. तेथून पाणी येण्यास सुमारे नऊ मिनिटे लागतात. एवढ्या अवधीच्या सरीची तीव्रता ताशी १२० मिलिमीटर धरली, तर

लोंढा = ०.६० × १२० × ८ ÷ ३६० = १.६ घनमीटर दर सेकंदास.

म्हणजे सेकंदाला १,६०० लिटर पाणी. या वेगाने येणारा लोंढा रिकामे तळे तेवीस मिनिटांत भरील. आणि तळे आधीच भरलेले असल्यास पाण्याचा प्रत्येक थेंब बाहेर जावा लागेल. दुसऱ्या रीतीने पाहता, आठ हेक्टरांवर १०० मिलिमीटर पाऊस पडून त्याचा अर्धाच भाग वाहून आला तरी ४,००० घनमीटर पाणी होते, म्हणजे या तळ्याच्या जवळजवळ दुप्पट. 'माझे तळे एवढे पाणी पोटात घेईल' हा भरवसा किती पोकळ आहे, हे यावरून दिसून येईल.

रुंद व उथळ की अरुंद व खोल

सांडव्याच्या ज्या सपाट काठावरून पाणी बाहेर पडते त्यास उंबरठा म्हणतात. उंबरठ्यावरून जाणाऱ्या पाण्याचा हिशेब असा :

लोंढा = १.७ × उंबरठ्याची रुंदी × पाण्याची उंची × पाण्याच्या उंचीचे वर्गमूळ

यातील रुंदी व उंची मीटरमध्ये घ्यावी; आणि उंची म्हणजे उंबरठ्यापासून वर, तळ्यातील स्थिर पाण्याची उंची होय. वरील उदाहरणातील १.६ घनमीटर पाणी तीन निरनिराळ्या सांडव्यांतून जाऊ शकते :

पाण्याची उंची ३० सेंटिमीटर — रुंदी ५.७ मीटर — उंबरठ्यावरील वेग सुमारे १.४ मीटर दर सेकंदास
पाण्याची उंची ४५ सेंटिमीटर — रुंदी ३.१ मीटर — वेग सुमारे १.७ मीटर
पाण्याची उंची ६० सेंटिमीटर — रुंदी २.० मीटर — वेग सुमारे २.० मीटर

दोन मीटरांच्या सांडव्यास खोदाई कमी लागते, म्हणून तो स्वस्त वाटतो. पण त्यासाठी सबंध बांध तीस सेंटिमीटरांनी उंच करावा लागतो, ही गोष्ट विसरली जाते. त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगाची. उघडी पोयट्याची माती सेकंदास सुमारे पाऊण मीटर वेगाच्या पाण्यापुढे टिकते. हरळीची दाट वीण असलेली जमीन सुमारे दीड मीटरांपर्यंत टिकाव धरते. म्हणून ३० सेंटिमीटर उंचीचा रुंद सांडवा हरळीवर निभावतो, तर अरुंद व खोल सांडव्यास दगड किंवा काँक्रीट अपरिहार्य होते. मातीच्या सांडव्यासाठी रुंद व उथळ हाच नियम समजावा. गवताचा व गाळाचा अडथळा लक्षात घेता, वरील तळ्यास साडेसहा मीटर रुंदीचा उंबरठा ठेवणे योग्य होईल.

बांधाचा माथा किती उंच ठेवावा

उंबरठ्याची पातळी म्हणजे तळ्याची पूर्ण संचय पातळी. तिच्यावर पुराच्या पाण्याची उंची, आणि त्याही वर लाटांसाठी व अनपेक्षित पुरासाठी निदान अर्धा मीटर मोकळी उंची ठेवावी. शिवाय नवा बांध दबतो. हाताने भराव टाकून चोपलेल्या बांधासाठी उंचीच्या दहा टक्के, आणि यंत्राने थर देऊन दाबलेल्या बांधासाठी पाच टक्के वाढ धरावी.

उदाहरणातील तळ्यात, जेथे बांध सर्वांत उंच आहे तेथे, उंबरठ्याची पातळी जमिनीपासून दोन मीटर वर आहे असे धरू. त्यात पुराचे ०.३० व मोकळी उंची ०.५० मिळविली की २.८० मीटर होतात. दहा टक्के दबण्यासाठी ०.२८ धरले असता बांध ३.१० मीटर उंच घालावा लागेल. बांध सर्वांत अधिक दबतो तो मध्यभागी, कारण तेथे भराव सर्वांत उंच असतो. म्हणून माथा मध्यभागी किंचित फुगीर ठेवावा. दबण्याचा हिशेब न धरलेल्या बांधाचा मध्यभाग एक-दोन पावसाळ्यांत खाली बसतो, आणि मग सांडवा कोरडा असताना पाणी बांधावरून जाते. पुण्याजवळील पानशेतचे अपूर्ण धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, तेव्हाही मातीचा बांध खचत गेला आणि शेवटी पाणी त्याच्यावरून गेले होते.

सांडव्याची जागा

सांडवा शक्यतो भरावावर करू नये. बांधाच्या एका टोकास, जेथे न खणलेली मूळ जमीन लागते, तेथे तो खोदून काढावा. कठीण मुरूम असलेली बाजू मिळाल्यास उत्तम. दोन्ही टोके सारखी असल्यास ज्या बाजूचा उतार सौम्य आहे ती निवडावी.

सांडव्याचे तीन भाग असतात. तळ्याकडील तोंड पसरट ठेवावे, म्हणजे पाणी शांतपणे उंबरठ्याशी येते. मधला उंबरठा रुंदीत अगदी सपाट असावा. एका बाजूस चार-पाच सेंटिमीटरांचा जरी फरक राहिला तरी पाणी त्या बाजूने लोटते व तेथेच खोड पडते. पातळी पाहण्यासाठी गवंड्याची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरेशी आहे. तिसरा भाग म्हणजे पुढील चर. तो बांधाच्या पायथ्याशी कधीही वळवू नये, कारण पायथा धुपला की वरचा बांध कितीही भक्कम असला तरी टिकत नाही. चर बांधापासून दूर ठेवून मूळ ओघळीस किंवा नाल्यास नेऊन मिळवावा.

येथे शेजाऱ्याचा प्रश्न येतो. तळे होण्यापूर्वी जे पाणी पसरून जात होते ते सांडव्यामुळे एका जागी एकवटते. ते शेजाऱ्याच्या बांधावर सोडून दिल्यास आपले तळे वाचते पण त्याचे शेत जाते, आणि गावात वैर उभे राहते. म्हणून आखणीच्या वेळीच खालच्या शेतकऱ्यास जागेवर बोलवावे, पाण्याची वाट दोघांनी मिळून ठरवावी, व चर त्याच्या हद्दीतून जात असल्यास संमती लेखी घ्यावी.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलावांच्या बाबतीत वरच्या तलावाचे सांडलेले पाणी खालच्या तलावाने झेलावे अशी साखळी जागोजागी दिसते. एकाचे जादा पाणी दुसऱ्याच्या उपयोगी पडावे, ही त्या रचनेतील दृष्टी शेततळ्यांच्या बाबतीतही अनुकरणीय आहे. मात्र अशा साखळीत खालच्या तळ्याच्या सांडव्याचा हिशेब करताना वरील सर्व पाणलोट धरला पाहिजे.

बांधणी

उंबरठ्याच्या रेषेवर जमिनीत साठ सेंटिमीटर खोल दगडी किंवा काँक्रीटची पडदी घालून तिचा माथा पूर्ण संचय पातळीस आणावा. त्यामुळे पातळी कायम राहते व खालून सुरू झालेली धूप मागे तळ्याकडे सरकत नाही. सांडव्याच्या दोन्ही कडांस, विशेषतः बांधाकडील कडेस, दगडांचे अस्तर द्यावे. चराच्या तळास व कडांस पावसाळ्याच्या आरंभीच हरळी किंवा मारवेल लावावे. गवताची वीण दाट होईपर्यंत पहिल्या वर्षी विशेष जपावे. चराचा उतार शंभरास तीनपेक्षा अधिक असेल तेथे गवतावर न विसंबता दगडी पायऱ्या कराव्यात, आणि शेवटच्या पायरीखाली मोठे दगड रचून पाण्याचा जोर मोडावा.

सांडव्याऐवजी बांधातून एखादा नळ टाकून काम भागविण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. तिचाही हिशेब करून पाहावा. पंधरा सेंटिमीटर व्यासाच्या नळातून, त्याच्यावर एक मीटर पाणी असताना, सेकंदास सुमारे ४७ लिटर पाणी जाते. उदाहरणातील १,६०० लिटरांसाठी असे चौतीस नळ लागतील. आणि एखाद्याच्या तोंडाशी पालापाचोळा अडकला तर तेही पुरणार नाहीत. पावसाळाभर चालणारी संथ झिरप काढून देऊन सांडव्यावरील गवत कोरडे ठेवणे एवढ्यापुरता नळ उपयोगी आहे. तो घातलाच तर त्याच्याभोवतीची माती ओल धरून थराथराने चोपावी, आणि नळाच्या बाहेरून पाणी वाट काढू नये म्हणून त्याच्याभोवती काँक्रीटच्या चौकोनी पाट्या बसवाव्यात.

प्लॅस्टिकचे अस्तर दिलेली व विहिरीच्या पंपाने भरली जाणारी तळी मात्र निराळी. त्यांस पाणलोट नसतो. ३० मीटर लांब-रुंद तळ्यावर ताशी १०० मिलिमीटर पाऊस पडला तरी सेकंदास सुमारे २५ लिटर पाणी होते. त्यात पंपाचे पाणी मिळवून तेवढ्यासाठी माथ्याजवळ योग्य व्यासाचा नळ पुरतो. त्याचे पाणी बांधाच्या उतारावर न सोडता पायथ्यापलीकडे न्यावे, आणि बाहेरचे वाहते पाणी अस्तराखाली शिरणार नाही असा चर सभोवती ठेवावा.

देखरेख

चांगला सांडवाही मनुष्याच्या हातून निकामी होतो. सप्टेंबराच्या अखेरीस रब्बीसाठी थोडे अधिक पाणी साठावे म्हणून उंबरठ्यावर मातीची पोती रचण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आहे. उदाहरणातील तळ्यावर तीस सेंटिमीटर उंचीची पोती रचली, तर सुमारे २७० घनमीटर पाणी अधिक साठेल. पण त्याच क्षणी पुरासाठी ठेवलेली उंची संपते. पुढचा पूर मोकळ्या उंचीतून जाऊ लागतो, आणि माथ्याखाली केवळ वीस सेंटिमीटर जागा उरते. बांध तितका दबला असल्यास तीही उरत नाही. एक अष्टमांश पाण्याच्या लोभाने सर्व तळे पणास लावण्याचाच हा प्रकार होय. जादा साठा हवा असल्यास तळे खोल करावे. उंबरठा उंचावू नये.

मत्स्यपालन करणारे शेतकरी मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर बारीक जाळी बांधतात. तिच्यावर काडीकचरा बसला की ती भिंतीसारखी होते. जाळी लावणे आवश्यकच असेल तर ती मोठ्या भोकांची असावी, उंबरठ्यापासून मागे तळ्यात, रुंद वळणाने लावावी, आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर साफ करावी.

मे महिन्यात सांडव्यातील झुडपे काढावीत, गाळ उपसावा व उंबरठ्याची आणि माथ्याची पातळी एकदा नळीने पडताळून पाहावी. माथा जेथे बसला असेल तेथे भराव घालून चोपावा. उंदीर-घुशींची बिळे व खेकड्यांची भोके बुजवावीत. पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर चराची पाहणी करून जेथे माती सुटली असेल तेथे लगेच दगड भरावेत. एका पावसातील वीतभर खोड दुसऱ्या पावसात पुरुषभर घळ होते.

सारांश

तळे खोदण्यापूर्वी वरील क्षेत्र मोजावे, लोंढ्याचा हिशेब करावा आणि प्रथम सांडव्याची जागा ठरवावी. मग बांधाची रेषा आखावी. योग्य जागा न मिळाल्यास तळ्याची जागा बदलावी. सांडवा रुंद, उथळ व मूळ जमिनीवर असावा. माथा त्याहून पुरेसा उंच असावा. आणि पाण्याची पुढची वाट नाल्यापर्यंत सुरक्षित असावी. तळ्यात अडविलेले पाणी शेतकऱ्याचे असते. सांडव्यातून सोडलेले पाणी मात्र खालच्या सर्वांच्या वाट्यास येते. ते पाणी नाल्यात शांतपणे जाऊन मिळाले, तरच तळे नीट बांधले असे म्हणता येईल.